नामंजुरीचं पत्र आलं, पेढे वाटा

बोललेल्या भागाचं हे लेखी रूप आहे. बोलताना जिथे माझी गाडी घसरली तिथे जरा सावरून घेतलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

गेल्या जूनमधली गोष्ट. शनिवार सकाळ, मी अजून अंथरुणात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरी काकांचा मेसेज आला, 'अभिनंदन! आपली आयओडी आली.' खाली एक पीडीएफ. आमची बिल्डिंग मुलुंडची, तळमजला अधिक तीन, पन्नास वर्षांची, स्लॅबमधून सळ्या बाहेर डोकावतायत अशी. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्यामुळे पाच मिनिटांत पंधरा अंगठे, फुलं, हात जोडलेले इमोजी, कुणीतरी पेढ्यांचा फोटोपण टाकला.

आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पीडीएफ उघडली. म्हणजे ग्रुपवरचा पहिला माणूस, ज्याने खरंच उघडली. त्यांचा मेसेज: 'अहो, पहिल्याच पानावर डिसअप्रूव्हल लिहिलंय. आपलं नामंजूर झालंय की काय?'

सगळे अंगठे थांबले.

काकांचं इंग्रजी बरोबर होतं. आयओडी म्हणजे इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. मराठीत, नामंजुरीची सूचना. मुंबईत नवीन इमारत बांधायची तर महापालिकेकडून पहिला महत्त्वाचा कागद जो हातात पडतो, ज्यावर बिल्डर खूश होतो, सोसायटी पेढे वाटते, त्या कागदाचं अधिकृत नाव 'नामंजुरी' आहे. आतली भाषाही तशीच. साधारण मतलब असा, की तुम्ही जी इमारत बांधू म्हणताय तिला मी मान्यता देऊ शकत नाही, आणि कलम ३४६ खाली तसं तुम्हाला रीतसर कळवतो. मग कारणांची लांबलचक यादी. आणि शेवटी हळूच एक वाक्य, की या हरकती दूर केल्यात तर काम सुरू करायला तुम्ही मोकळे आहात, अन्यथा नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एखाद्या फंक्शनचं नाव 'डिलीट' आणि ते प्रत्यक्षात सेव्ह करतंय असं दिसलं की मला झोप लागत नाही. हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि आजवर कुणी बदललं का नाही? तो वीकेंड गेला, नंतरचे दोन-तीन गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. पुण्या-नाशिकच्या मंडळींनी जाऊ नका. तुमच्याकडे हा शब्द भेटत नसेल, पण शेवटी जो घोळ आहे तो तुमच्याही बिल्डिंगपर्यंत येतो.

तर, १८८८.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा त्या सालचा. तेव्हा नाव बॉम्बे होतं, पुढे मुंबई झालं, दुरुस्त्या शेकडो झाल्या, पण सांगाडा तोच. आज तुम्ही पालिकेशी जे भांडता ते राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कायद्याखाली भांडता. हा कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. म्हणजे 'इंग्रजांनी लादला' एवढं म्हणून सुटता येत नाही.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८८१ च्या जनगणनेत पावणेआठ लाख माणसं. गिरण्या धूर ओकतायत, कोकणातून, घाटावरून माणसं येतायत, आणि त्यांना राहायला मालक लोक मिळेल त्या तुकड्यावर चाळी उठवतायत. इमारतींवर काहीतरी लगाम हवा हे सगळ्यांना पटत होतं. पण लगाम कुणाच्या हातात द्यायचा? नव्या कायद्यात पालिकेचे ७२ सभासद. त्यातले ३६ करदात्यांनी निवडून दिलेले. म्हणजे ज्यांच्याकडे मालमत्ता आहे, जे स्वतः इमारती बांधतात किंवा ज्यांचे भाऊबंद बांधतात, असे. आणि परवानगीचे अधिकार जाणार आयुक्ताकडे, जो सरकारने नेमलेला साहेब. आता तुम्हीच सांगा, आपला प्लॅन साहेबाच्या टेबलावर सहा महिने पडून राहील असा कायदा ही मंडळी होऊ देतील?

त्यामुळे कायद्याची रचना बघण्यासारखी आहे. कलम ३३७: तुम्हाला इमारत बांधायची असेल तर आयुक्तांना तुमच्या 'इच्छेची नोटीस' द्यायची. शब्द बघा हां. परवानगी मागायची असं त्यात म्हटलेलंच नाही. मी बांधणार आहे, तुम्हाला कळवतोय. मग आयुक्त नकाशे मागवू शकतो, माहिती विचारू शकतो. पण त्याच्या डोक्यावर घड्याळ आहे, तीस दिवसांचं. कलम ३४५ म्हणतं, या तीस दिवसांत त्याने लेखी नामंजुरी कळवली नाही, तर तुम्ही वर्षभरात केव्हाही काम सुरू करा.

मौनं संमतिलक्षणम्. थेट कायद्याच्या पुस्तकात.

आमच्या धंद्यात याला जुनी परंपरा आहे. लिनक्सवर तुम्ही एखादी कमांड दिली आणि ती नीट चालली, तर स्क्रीनवर काहीच येत नाही. चुकलं तरच बोंब. पहिल्या वर्षाला लॅबमध्ये मी तीनदा तीच कमांड मारली होती, काही होतच नाही म्हणून. नॉन-इंजिनियर मंडळींसाठी सोपं उदाहरण: रात्रीच्या गाडीने निघालात की आई म्हणते, 'अडचण आली तरच फोन कर.' फोन वाजला नाही, म्हणजे पोरगं नीट झोपलंय.

आता इथे एक खोच आहे, आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीचं मूळ त्यातच आहे. आयुक्ताला लेखी 'हो' म्हणायची मुभा ३४५ मध्ये होतीच. मग आयुक्तांनी सरळ होकाराची पत्रं का नाही लिहिली? कारण होकाराला अटी जोडायची सोय त्या कलमात नाही. 'हो, पण जिना दगडी करा', 'हो, पण मागची गल्ली सोडा' असं म्हणायचं असेल तर कलम ३४६ कडेच जावं लागतं. आणि ३४६ ची सुरुवात होते नामंजुरीपासून. आयुक्त आधी म्हणणार, नामंजूर. मग कारणं सांगणार. मग सांगणार, या या अटी पाळल्यात तर ही इमारत मंजूर झाली असं समजलं जाईल.

म्हणजे 'पण' म्हणायचं असेल तर आधी 'नाही' म्हणणं भाग. आणि मुंबईत कुठल्या इमारतीला 'पण' नसतो? हळूहळू प्रत्येक प्रकरण ३४६ च्या दारातून जायला लागलं. अपवादासाठी ठेवलेला दरवाजा मुख्य दरवाजा झाला.

म्हणूनच आयओडीतल्या अटी इतक्या विचित्र भाषेत असतात. त्या अटी नसतातच मुळात, त्या हरकती असतात. आमच्या आयओडीतली एक अट साधारण अशी आहे: 'की काम सुरू करण्याआधी प्रारंभ प्रमाणपत्र घेतलं जाणार नाही.' पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं, घ्यायचं नाही म्हणून सांगतायत. खरा अर्थ, तुम्ही ते घेतलेलं नाही ही माझी हरकत आहे, सबब घ्या. स्ट्रक्चरल इंजिनियर नेमला जाणार नाही, सबब नेमा. कंपाउंडची भिंत बांधली जाणार नाही, सबब बांधा. पानंच्या पानं असं उलटं. बाबांनी तीन अटी वाचून चष्मा काढून ठेवला.

त्यातली माझी सगळ्यात आवडती अट, आणि जुन्या आयओडींमध्ये ती सर्रास सापडते: प्लॉट सखल असेल तर तो मुरूम-माती टाकून किमान ९२ टी.एच.डी. पर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच उंच, यापैकी जे जास्त असेल तिथपर्यंत भरून घ्यावा. आता ९२ टी.एच.डी. म्हणजे काय? टाउन हॉल डेटम. फोर्टमधला टाउन हॉल, १८३३ मध्ये खुला झालेला, ज्याला आपण एशियाटिक लायब्ररी म्हणतो आणि ज्याच्या पायऱ्यांवर बसून प्रत्येकाने एकदा तरी फोटो काढलाय. मुंबईची उंची या इमारतीवरून मोजायची पद्धत पडली आणि ती राहिली. आकडा फुटांत आहे, पण त्याचं शून्य समुद्रसपाटीला नाही. नाहीतर सगळी मुंबई समुद्रापासून ९२ फूट वर असती आणि जुलैत हिंदमाता तुंबली नसती. मुलुंडच्या प्लॉटमध्ये माती किती टाकायची हे फोर्टातल्या दोनशे वर्षं जुन्या इमारतीला विचारायचं! मला हे मनापासून आवडतं. कसलाही व्यंग्यार्थ नाही.

असो. इतिहासाकडे परत.

कायदा होऊन आठ वर्षं झाली आणि सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढची वर्षं तुम्ही पुस्तकात वाचली असतील. १८९१ च्या जनगणनेत शहरात आठ लाख वीस हजारांच्या वर लोक होते, १९०१ मध्ये पावणेआठ लाखांच्या आसपास. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली. काही मेले, बरेच पळाले.

तेव्हा प्लेग कशाने होतो यावर एकमत नव्हतं, पण बोट घरांकडे गेलं. अंधाऱ्या खोल्या, पाठीला पाठ लावलेल्या चाळी, मधल्या बोळात साचलेली घाण. आणि प्रश्न आलाच, की ही सगळी बांधकामं झाली कशी? तीस दिवस साहेब गप्प बसला की बांधा, अशी व्यवस्था असल्यावर दुसरं काय होणार! सगळं खापर मी त्या एका कलमावर फोडत नाही. बऱ्याच चाळी कायद्याच्या आधीच्या होत्या, आणि नियम असून न पाळणं ही कला काही आपण आज शिकलेलो नाही. पण बांधकामाआधी सरकारने नीट बघायला हवं हा विचार प्लेगनंतर घट्ट झाला.

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते गर्दी फोडून काढले, दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या. यात जे. पी. ऑर नावाचा एक अधिकारी होता, ट्रस्टचा अध्यक्ष. या माणसाने उजेड आणि हवेचा ध्यासच घेतला होता. त्याच्या काळातला एक नियम म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या खिडकीसमोर दुसरी इमारत असेल तर तिच्या डोक्यावरून खिडकीच्या तळाशी येणारी तिरपी रेघ जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त उभी असता कामा नये, म्हणजे आकाशाचा तुकडा खोलीत पोचला पाहिजे. ६३.५ हा आकडा आला कुठून? कॅल्क्युलेटर काढा, टॅन बघा. दोन येतात. म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मध्ये सोडा. बारावीच्या त्रिकोणमितीतून निघालेली शहररचना. माटुंग्याच्या जुन्या इमारतींमधून दुपारी चालताना हवा लागते, ती फुकटात आलेली नाही.

(आमच्या नव्या बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये शेजारच्या टॉवरपासूनचं अंतर मी मोजलंय. आकडा सांगत नाही. ऑर साहेबांना त्रास होईल.)

१९१५ मध्ये बॉम्बे टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्ट आला, देशातला या प्रकारचा पहिला कायदा. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. १९५४ मध्ये नवा नगररचना कायदा आला, त्यात अख्ख्या शहराचा विकास आराखडा करणं आलं. १९६४ च्या आराखड्याबरोबर एफएसआय नावाचा प्राणी मुंबईत आला, ज्याच्यावर वेगळा भाग करायचाय, आज त्याला हात लावला तर रात्र होईल.

आपल्या गोष्टीतलं दुसरं वळण १९६६ चं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगर रचना अधिनियम, लोक एमआरटीपी म्हणतात. जानेवारी १९६७ पासून लागू. या कायद्याने खेळाचा मूळ नियमच उलटा केला. १८८८ मध्ये जमीन तुमची, इच्छा तुमची, सरकारला हरकत असेल तर त्याने बोलावं. १९६६ मध्ये कुठलाही 'विकास' करायचा तर आधी परवानगी हवी. कलम ४४ खाली अर्ज करायचा. कलम ४५ खाली उत्तर येणार: बिनशर्त हो, सशर्त हो, किंवा नाही. बघा, इथे 'हो, पण' ला स्वतःची खुर्ची मिळाली! आणि परवानगी मिळाली की ती ज्या कागदावर येते त्याचं नाव प्रारंभ प्रमाणपत्र, कमेन्समेंट सर्टिफिकेट, सीसी. नाव सरळ, अर्थ सरळ. एक वर्ष चालतं, पुढे वाढवून घेता येतं.

मग आयओडीची गरज संपली ना? सशर्त होकार देणारा नवा कायदा आला म्हटल्यावर जुना नकार काढून टाकायला हवा होता.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात ते हसायला लागले असतील. काढतं कोण? चालू सिस्टीममधला जुना कोड काढायला कुणी धजत नाही. 'चालतंय ना? मग हात लावू नकोस.' आमच्या ऑफिसात एक मॉड्यूल आहे, ते लिहिणारा माणूस रिटायर झाला, तरी ते रोज रात्री दोन वाजता चालतं. काय करतं ते कुणाला नक्की माहीत नाही. एकदा बंद केलं होतं, सकाळी पगाराचा रिपोर्ट आला नाही.

तर मुंबईत दोन्ही कायदे शेजारी शेजारी राहिले. १८८८ च्या कायद्याची आयओडी आधी, १९६६ च्या कायद्याची सीसी नंतर. आणि त्यांच्यात आपोआप कामाची वाटणी झाली. आयओडी म्हणजे प्लॅन तत्त्वतः मान्य, आता ही यादी पुरी करून या. अग्निशमन दलाची ना-हरकत, झाडांची परवानगी, विमानतळाजवळ असाल तर उंचीची, ड्रेनेज, पाणी, डिपॉझिट. यादीतलं सीसीच्या आधीचं जे असेल ते पुरं केलंत की सीसी. तीही सगळी एकदम नाही. आधी जोत्यापर्यंत. जोतं बांधून झालं की ते मंजूर नकाशाप्रमाणेच आहे ना हे तपासायचं, मग वरच्या मजल्यांची सीसी. आणि सगळं बांधून झाल्यावर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. राहायला या, असं सांगणारा कागद.

ज्याला बाहेरच्या जगात 'प्राथमिक मंजुरी' म्हणतील, ते काम मुंबईत नामंजुरीच्या पत्राने अंगावर घेतलं. गंमत म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण नव्वदच्या दशकात स्थापन झालं तेव्हा त्यांनी आपल्या या टप्प्याच्या कागदाला नाव दिलं इंटिमेशन ऑफ अ‍ॅप्रूव्हल, आयओए. त्याच शहरात, त्याच कामाचा कागद. एका ऑफिसात तो मंजुरी म्हणून येतो, दुसऱ्या ऑफिसात नामंजुरी म्हणून. अटी दोन्हीकडे तेवढ्याच.

इथपर्यंत सगळं मजेशीर होतं. त्या शनिवारी मी ग्रुपवर हे थोडक्यात लिहिलं, काकांना सांगितलं घाबरू नका, हे असंच असतं. परत अंगठे आले. संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. हातात प्रिंटआउट, त्यावर पेन्सिलने खुणा. बाबा बँकेतून रिटायर झालेत. कागद वाचणं ही त्यांची सवय आहे.

म्हणाले, 'तुझा इतिहास बरोबर असेल. मला एवढंच सांग, अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय आयओडी आल्यापासून पंचेचाळीस दिवसांत घर रिकामं करायचं. आणि यात लिहिलंय सीसीच्या आधी जुनी बिल्डिंग पाडलेली हवी. म्हणजे ज्या कागदावर आपण घर सोडणार तो नामंजुरीचा, आणि बांधकामाची खरी परवानगी येईल तेव्हा परत यायला घरच नसेल. बरोबर?'

मी म्हटलं, 'बरोबर.'

खरं सांगतो, मी हे वाचलं होतं. तरी अशा क्रमाने डोक्यात लावलं नव्हतं. रीडेव्हलपमेंटमध्ये आयओडी आणि सीसी यांच्यामध्ये जी फट आहे, त्या फटीत तुमचं घर पडतं. अक्षरशः, जेसीबीने. जुनी इमारत उभी असताना त्याच जागेवर नवीन कशी सुरू करणार, त्यामुळे पालिकेची अट तशी रास्तच. पण त्या मधल्या दिवसांत तुमच्याकडे असतं काय? एक अ‍ॅग्रीमेंट, काही महिन्यांचं आगाऊ भाडं, आणि हरकतींची यादी. ती यादी पुरी करायची बिल्डरने. त्याचे पैसे संपले, पार्टनर भांडले, नियम मध्येच बदलले, की तुम्ही भाड्याच्या घरात, आणि प्लॉटवर पत्रे.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरचं, म्हणजे पत्रा चाळीचं उदाहरण मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. ६७२ कुटुंबं, २००८ चा करार. तिथे घोटाळ्याचं स्वरूप वेगळं होतं, आयओडीवर ते खपवता येणार नाही. पण घर सोडलेल्या माणसाला कारण काय फरक पाडतं! दहा वर्षांनीही ते लोक भाड्याच्या घरातच होते, आणि भाडं यायचं थांबलेलं होतं.

दुसरी बाजू कॅम्पा कोलाची. वरळीचं ते कंपाउंड आठवतंय? ऐंशीच्या दशकात सात इमारती झाल्या. मंजुरी पाच-सहा मजल्यांची, आणि त्यातली एक गेली वीस मजल्यांवर, दुसरी सतरावर. काम थांबवायची नोटीस १९८४ मध्येच निघाली होती. काम चालू राहिलं, फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. त्या नोव्हेंबरमध्ये पालिकेची माणसं गेट तोडून आत शिरताना टीव्हीवर दिसली, मग कोर्टानेच स्थगिती देऊन मुदत वाढवली, आणि जून २०१४ मध्ये तिथलं पाणी, वीज, गॅस तोडला गेला. मी तेव्हा अकरावी-बारावीत होतो, आणि टीव्हीसमोर बसून घरच्यांना विचारलं होतं, 'पण यांनी पैसे भरून घर घेतलंय ना?' हो, भरले होते. कुठला कागद आलाय आणि कुठला आलेला नाही, हे घेताना किती जणांनी विचारलं असेल?

विचारायची सोयही नव्हती म्हणा. १९६३ चा मोफा कायदा सांगत होता की बिल्डरने मंजूर नकाशे दाखवावेत. पण प्रत्यक्षात आयओडी आली, किंवा येणार अशी कुणकुण लागली, की प्री-लाँच सुरू. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात 'अ‍ॅप्रूव्ह्ड'. नामंजुरीच्या पत्राच्या जोरावर! १ मे २०१७ पासून रेरा पूर्ण लागू झाला. आता प्रोजेक्टची नोंदणी करायची तर सीसीची प्रत जोडावी लागते, आणि नोंदणीशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या बाबतीत कायद्याने ठरवलं, की १८८८ चा कागद पुरेसा नाही, १९६६ चा दाखवा. महारेराच्या साइटवर जाऊन प्रोजेक्ट नंबर टाका, कागद दिसतात. रीलवर बिल्डिंगचा ड्रोन शॉट बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात होतं.

पण जो आपलं जुनं घर पाडायला देतो, तो विकत घेणारा नसतो. तो आधीच त्या जागेवर आहे. त्याचं रक्षण मुख्यतः त्याच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये जे लिहिलं असेल ते. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्य सरकारने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत बँक गॅरंटी आहे. आमच्या अ‍ॅग्रीमेंटच्या मसुद्यातही ती होती. सहीपर्यंत येता येता 'सीसीच्या वेळी' अशी झाली होती. मी त्या मीटिंगला नव्हतो. ऑनलाइन जॉइन केलं होतं, म्यूटवर, आणि दुसऱ्या विंडोत काम करत होतो. बाबा हजर होते, त्यांनी हात वर केला होता. त्यांना वाटलं सगळ्यांनी वाचलंय.

पुढच्या रविवारी टेरेसवर मीटिंग झाली. तीन तास. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आता काड्या घालू नका, माझं वय बघा, लिफ्टचं घर बघून जायचंय मला. त्यांचंही चूक नव्हतं. बिल्डरच्या माणसाचं म्हणणं, आजवर कुठल्याच सोसायटीने असं मागितलं नाही. बाबांनी शांतपणे सांगितलं, चावी देतो, पण गॅरंटीचा कागद त्याच दिवशी समोरून आला पाहिजे. त्याच टेबलावर. मतं पडली. नऊ विरुद्ध सात. बाबांची बाजू नऊची.

त्याला आता चार महिने झाले. गॅरंटीचा मसुदा दोनदा वकिलाकडे जाऊन आलाय. आम्ही अजून जुन्याच घरात आहोत. पंचेचाळीस दिवस कधीच उलटले. आईने माळ्यावरची भांडी बांधून ठेवलीयत आणि रोज त्यातलं एखादं लागतं म्हणून सोडते. काकू बाबांशी जिन्यात बोलत नाहीत.

बांधाबांधीतच आजोबांची फाइल सापडली. ते सोसायटीचे पहिले खजिनदार. वरती सुतळी, आत पिवळे पडलेले कागद, टाइपरायटरची अक्षरं. शेअर सर्टिफिकेट, बिल्डरला दिलेल्या हप्त्यांच्या पावत्या, आणि मधोमध एक पातळ, दुमडून फाटायला आलेला कागद. मी वरची ओळ वाचली आणि बाबांना हाक मारली. इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. कलम ३४६. तीच भाषा, मी मान्यता देऊ शकत नाही, सबब रीतसर कळवतो. खाली हरकतींची यादी, आमच्या पीडीएफपेक्षा खूपच छोटी. पाचव्या का सहाव्या नंबरला, ९२ टी.एच.डी.

त्याच्या मागे सीसी होती, टाचणी गंजून कागदाला डाग पडलेला.

बाबांनी फाइल शेवटपर्यंत पाहिली, मग पुन्हा पहिल्यापासून. पन्नास वर्षं ते या घरात राहिलेत, लग्न इथे झालं, माझं बारसं इथे झालं. मग म्हणाले, 'ओसी दिसत नाही रे यात.'